परसबाग : शतावरीचा वाफा



शतावरी म्हटले की आपल्याला बाळंतिणीची पूड आठवते. पण पहिल्या पावसात फुटणाऱ्या तिच्या कोवळ्या कोंबांची रानभाजीही होते. युरोपात ॲस्परॅगस म्हणून जी महाग भाजी खातात, ती हिचीच बहीण.

लागवड आषाढी पौर्णिमेला, वर्षावास सुरू होतो त्या सुमारास करावी. बी उगवायला फार दिवस घेते. त्यापेक्षा कोणाकडे जुना वेल असेल तर बुडखा फोडून, दोन-तीन मुळ्या आणि एक डोळा असलेला तुकडा मागून आणावा. रानातून उपटून आणू नये. तिथे आधीच फार उपसा झाला आहे. माती भुसभुशीत करून कुजलेले शेणखत मिसळावे आणि वाफा वीतभर उंच करावा, कारण पाणी साचले की मुळ्या सडतात. दोन रोपांत दोन फूट अंतर ठेवावे. वेलाला काठीचा आधार द्यावा. काटे असतात, म्हणून लहान मुलांच्या वाटेवर लावू नये.

पुढचे काम थांबण्याचे. पहिला पावसाळा संपताच आम्ही मुळ्या बघायला वेल उपटला. हाती पेन्सिलीएवढ्या चार मुळ्या आल्या आणि वेलही गेला! दुसऱ्या पावसाळ्यातही कोंब तोडू नयेत; त्यांच्यावरच मुळ्या पोसतात. तिसऱ्या पावसाळ्यात काटे कडक होण्याआधी शेंडे खुडावेत, निम्मे वेलावर ठेवावेत. कांदा, लसूण, मिरची आणि भिजवलेली मूगडाळ घालून भाजी करावी. मुळ्या हव्या असतील तर दीड-दोन वर्षांनी हिवाळ्यात काढून बुडखा परत लावावा. औषध म्हणून मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

एक भगिनी आम्हांला म्हणाल्या, "भाड्याच्या खोलीत अकरा महिन्यांचा करार. तीन वर्षांचे झाड कोणाच्या जागेत लावू?" यावर आम्हांला लगेच उत्तर सुचले नाही. शेवटी त्यांनी रंगाचा मोठा रिकामा डबा स्वच्छ धुऊन बुडाला भोके पाडली, तळाशी विटांचे तुकडे घातले आणि त्यातच एक रोप लावले. त्यानंतर त्यांनी दोनदा खोली बदलली. दोन्ही वेळी टेम्पोत डबा सगळ्यांत शेवटी चढला आणि सर्वांत आधी उतरला. यंदा त्यांचा तिसरा पावसाळा आहे.