संगणक भंगार झालेला नाही, भंगार ठरवला गेलाय!

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. तेव्हापासून जुना पीसी घेऊन दुकानात गेलात की कुणी ना कुणी ऐकवतंच, "साहेब, हा आता चालणार नाही, नवीन घ्या." हे अर्धसत्य आहे. मशीन कालच्यासारखंच चालतं. बंद झाले ते मोफत सुरक्षा अपडेट.

विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा हवा. सातव्या पिढीचा धडधाकट आय-फाइव्ह नापास! मशीनमध्ये बिघाड नाही, फक्त नियम बदलला. बीकेसीतल्या कंपन्या एका फटक्यात सगळी मशीन बदलतील. शासकीय वसाहतीतल्या, भारत नगरमधल्या, बेहरामपाड्यातल्या घरात मात्र त्या एकाच पीसीवर मुलांचे प्रोजेक्ट, नोकरीचे अर्ज, वडिलांचे हिशेब चालतात. त्यांनी काय करायचं?

चाळीस-पन्नास हजार घालवण्याआधी एवढं करून बघा. सगळ्यात आधी बॅकअप घ्या, मग पुढचं.

१. हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाका. 'स्लो झालाय' ही तक्रार बहुतेक वेळा इथेच संपते. ऐपतीप्रमाणे २५६ जीबीही पुरते.

२. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा. डीडीआर ३ की ४, ते आधी तपासा. एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव चढलेत, म्हणून लॅमिंग्टन रोडला जुनी, तपासलेली रॅमही विचारा. वांद्र्याहून स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरायचं.

३. आपली हवा खारी. पावसाळ्याआधी आणि नंतर वायर काढून कॅबिनेट उघडा, ब्लोअरने धूळ काढा. रॅमच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या पुसा. बरीच 'डेड' मशीन एवढ्यावर उठतात. मशीन तापत असेल तर थर्मल पेस्ट बदला. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, २६ जुलै २००५ आठवा.

४. घड्याळ सारखं मागे पडतंय? सीआर २०३२ नावाचा बटण-सेल बदला. 'मदरबोर्ड गेला' यावर लगेच विश्वास ठेवू नका.

५. अपडेट नसलेल्या विंडोज १० वर बँकेचे व्यवहार करू नका. ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव अपडेट योजना चालू करून घ्या, किंवा लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. ब्राउझर, ऑफिसची कामं, मराठी टायपिंग सगळं होतं. टॅली, फोटोशॉप लागत असेल तर मात्र अडचण येईल, हेही सांगून ठेवतो.

आता खरा मुद्दा. हीच वाढीव योजना युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर मोफत झाली. आपल्याला मात्र सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर टाका, पॉइंट्स द्या, नाहीतर ३० डॉलरच्या आसपास मोजा! आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल आलं. पोर्टल चांगलंच आहे, पण पार्ट आणि दुरुस्तीची माहिती द्यायला कंपनीला भाग पाडणारा कायदा कुठेय? ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यांचा मुख्य भर रिसायकलिंगवर. अहो, मोडीत काढण्याआधी दुरुस्ती येते ना?

केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालल्या आहेत. आपल्या पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' नावाचं भारतीय लिनक्स बनवलंय. मग वांद्रे पूर्वेच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून, म्हाडातून निघणारे जुने पीसी लिलावात काढण्याआधी एसएसडी आणि लिनक्स टाकून पालिका शाळांना का देऊ नयेत? आपल्या नगरसेवकाला, आमदाराला हा प्रश्न लेखी विचारा. पैसा आपलाच आहे.

आणि पुढच्या वेळी कुणी "नवीन घ्या" म्हणालं, की शांतपणे एवढंच विचारा: "नेमका कुठला पार्ट गेलाय?"

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण पीसी भंगारात देऊ नका.