पालिकेची बंद इमारत डायलिसिससाठी द्यावी का?

तुमच्या भागातही पालिकेची अशी एखादी इमारत असेल. कधीकाळी तिथे प्रसूतिगृह किंवा दवाखाना होता. आता गेटला कुलूप, भिंतींना ओल आणि आवारात भंगार. मग एक दिवस कानावर येते की पालिका ही जागा एका धर्मादाय संस्थेला डायलिसिस केंद्रासाठी नाममात्र भाड्याने देणार आहे. लगेच दोन तट पडतात. काही म्हणतात, "गरिबांची सोय होतेय, द्या की." बाकीचे म्हणतात, "कोट्यवधींची जागा अशी कशी देता?"

माझे मत विचाराल तर जागा द्यावी. मात्र भाडे किती यावर आपण जेवढे भांडतो, त्याच्या निम्मे तरी करारात रुग्णासाठी काय लिहिले आहे यावर भांडावे.

आधी डायलिसिसच्या रुग्णाचा आठवडा कसा असतो ते पाहा. दोन्ही किडन्या निकामी झाल्या की रक्त मशीनवर शुद्ध करावे लागते. साधारण आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. किडनी प्रत्यारोपण झाले नाही तर हे आयुष्यभर. एकटे जाता येत नाही, कारण डायलिसिसनंतर गळून गेल्यासारखे होते, बीपी उतरते. म्हणजे दोघांचे जाणे-येणे. महिन्यात बारा फेऱ्या धरल्या तर एकूण अठ्ठेचाळीस तिकिटे किंवा रिक्षाच्या पाळ्या, आणि सोबत येणाऱ्याचे बारा दिवसांचे काम बुडते ते वेगळे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते, पण केंद्र दोन तासांवर असेल तर प्रवासाचा हा खर्च कोण देणार? म्हणूनच काही रुग्ण तीनऐवजी दोनदाच जातात. मग अंगावर सूज आणि दम घेऊन रात्री इमर्जन्सीत येतात. केंद्र घराजवळ असणे हा उपचाराचाच भाग आहे.

दहा मशीन आणि दिवसाला तीन पाळ्या एवढे जरी चालले, तरी सहा दिवसांच्या आठवड्यात साठ रुग्णांची सोय होते. एका बंद पडलेल्या मजल्यातून एवढे मिळत असेल तर कुलूप कशाला जपायचे? मुंबईत पालिकेच्या जागांत धर्मादाय संस्थांच्या मदतीने अशी केंद्रे चालली आहेत. 2016 साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या डायलिसिस कार्यक्रमाचा साचाही साधारण हाच आहे: जिल्हा रुग्णालयाने जागा, वीज, पाणी द्यायचे आणि भागीदाराने मशीन व माणसे आणायची.

बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात सार्वजनिक मालमत्ता देऊ नये, हा कायद्याचा साधारण नियम आहे आणि तो योग्यच आहे. नाहीतर प्रत्येक नगरसेवकाच्या ओळखीची एक "सेवाभावी" संस्था निघेल. पण सोडलेल्या भाड्याच्या बदल्यात सवलतीच्या डायलिसिस मिळत असतील तर तोही मोबदलाच. तो मोजता येतो, फक्त आकडा करारात लिहिलेला हवा. दरमहा किती डायलिसिस, कोणत्या दराने, त्यातल्या किती पूर्ण मोफत.

आणि "मोफत" म्हणजे काय तेही लिहायला हवे. दिल्लीत एका मोठ्या रुग्णालयासाठी सरकारने 15 एकर जमीन महिना एक रुपया भाड्याने दिली होती. बदल्यात एक तृतीयांश खाटा गरिबांना मोफत. ती कंपनी होती, धर्मादाय संस्था नव्हे, पण धडा तोच. औषधे आणि वापरून टाकायचे साहित्य "मोफत"मध्ये येते की नाही, यावर प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. 2009 मध्ये निकाल रुग्णांच्या बाजूने लागला, पण तोवर वर्षे निघून गेली होती. डायलिसिसमध्ये हाच गोंधळ डायलायझर, रक्ताच्या नळ्या, फिस्टुलाच्या सुया, हेपॅरिन आणि रक्तवाढीच्या इंजेक्शनांवरून होतो. बाहेर बोर्डावर स्वस्त दर, आणि हातात मेडिकलमधून आणायची चिठ्ठी. अशी चिठ्ठी मिळणार असेल तर ती रक्कमही दरातच धरा.

पाण्याबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगतो, कारण सभागृहात यावर कोणी बोलत नाही. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी लागते. आर.ओ. यंत्रातून बरेच पाणी वाया जाते, म्हणजे नळाचे दोनशे लिटर तरी धरा. तीस डायलिसिसना रोज सहा हजार लिटर झाले. जुन्या प्रसूतिगृहाची टाकी आणि पाइपलाइन एवढ्यासाठी बांधलेली नसते. मग टँकर येतो. ब्राझीलमधील कारुआरू गावी 1996 मध्ये एका डायलिसिस केंद्रात नीट शुद्ध न केलेले टँकरचे पाणी वापरले गेले. त्यात शेवाळासारख्या जिवाणूंचे विष होते आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले. आपण पितो ते पाणी आतडे आणि यकृतातून गाळून जाते. डायलिसिसमध्ये पाणी आणि रक्त यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. त्यामुळे पाण्याची तपासणी ठरावीक काळाने व्हावी, अहवाल भिंतीवर लागावा आणि हिपॅटायटिस बीच्या रुग्णांसाठी वेगळे मशीन असावे, या अटी करारात नसतील तर मी तरी सही करू नका म्हणेन.

एक प्रश्न जागा देण्याआधीच विचारायला हवा. ती इमारत बंद का पडली? स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञांची पदे भरलीच नाहीत म्हणून प्रसूतिगृह ओस पडले असेल, तर त्या वस्तीतल्या बायका आज बाळंतपणाला कुठे जातात ते आधी पाहा. गरज संपल्यामुळे रिकामी झालेली जागा वेगळी आणि पालिकेने हात वर केल्यामुळे रिकामी झालेली वेगळी. दुसऱ्या प्रकारच्या इमारतीत एक मजला डायलिसिसला देऊन खालचा मजला बाह्यरुग्ण आणि गरोदर मातांच्या तपासणीसाठी पालिकेनेच चालवावा, असे मला वाटते.

मुदतीचेही तसेच. अकरा महिन्यांच्या करारावर कोणी आर.ओ. प्लांट बसवणार नाही आणि तीस वर्षांचा करार केला तर संस्था कुणाला जुमानणार नाही. मशीनचे आयुष्य सात-दहा वर्षे असते, तेवढी मुदत पुरे. दरवर्षी हिशेब आणि रुग्णसंख्या तपासावी. ठराव वॉर्डात आला की माहितीच्या अधिकारात कराराची प्रत मागा आणि शेवटची पाने आधी वाचा. करार मोडला किंवा संपला तर मशीन कोणाची, नोटीस किती दिवसांची आणि पर्यायी केंद्र कोणते, हे तिथे लिहिलेले असायला हवे. सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या पाळीतल्या रुग्णाला बुधवारी गेटवर कुलूप दिसले, तर त्याच्या हातात फार तर दोन-चार दिवस असतात.