हवापालट कुणाचा?

दिवाळीच्या फराळाबरोबर उन्हाळ्याची गोष्ट वाढायला घेतली म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. आमच्या वऱ्हाडातला उन्हाळा ही अशी चीज आहे की, तिचा विचार थंडीतच करून ठेवावा. वैशाखात विचार करण्याचे त्राण कुणाच्या अंगी उरते? अकोल्याचा पारा 45 च्या पुढे सरकला की आमच्या खामगाव-शेगाव-नांदुऱ्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. कूलरच्या टाकीत पाणी ओतणे हे स्नानसंध्येसारखे नित्यकर्म होऊन बसते. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात. मग एखाद्या रात्री गच्चीवर अंथरुणे पडत असताना घरातला कर्ता पुरुष म्हणतो, "या वर्षी कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊ या."

मी मराठी शिकवते, त्यामुळे माझे लक्ष आधी क्रियापदाकडे जाते. 'जाऊ या' हे प्रथमपुरुषी अनेकवचन. ऐकायला किती गोड! पण त्यानंतरची सगळी क्रियापदे पाहा: दळून आणणे, दशम्या करणे, चिवडा परतणे, लोणच्याची बरणी फडक्यात बांधणे, मुलांचे कपडे मोजणे, सासूबाईंच्या गोळ्या आठवणीने घेणे. ही सारी बिनबोभाट स्त्रीलिंगी एकवचनात चालतात. मुक्कामी पोचल्यावरही त्यांचे वचन काही बदलत नाही.

ही थंड हवेची ठिकाणे मुळात वसवली साहेबाने. महाबळेश्वर, माथेरान आणि आमच्या विदर्भापुरते म्हणाल तर चिखलदरा. 1823 साली कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या अधिकाऱ्याची नजर त्या पठारावर गेली. तिथे भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले, तो 'कीचकदरा', त्याचा चिखलदरा झाला, असे लोक सांगतात. उंची 1,118 मीटर, शेजारी गाविलगडचा किल्ला, आणि साहेबाच्या जिभेसाठी लावलेली कॉफी अजूनही तिथे पिकते. साहेब डोंगरावर जाई तेव्हा खानसामा, भिस्ती, माळी, आया असा लवाजमा त्याच्याआधी वर चढलेला असे. मडमेला अंडे उकडण्याचीही तसदी पडत नसे. साहेब गेला, त्याची डोंगरावर जाण्याची हौस आपण मध्यमवर्गीयांनी उचलली. खानसाम्याची जागा तेवढी रिकामी राहिली. ती जाहिरात न देता, मुलाखत न घेता आणि पगार न ठरवता कुणी भरून काढली, हे वाचक भगिनींना सांगायला नकोच.

बाईला उन्हाळ्यात विसावा कधी नव्हताच असेही नाही. तिचे थंड हवेचे ठिकाण म्हणजे माहेर. मग ते भर उन्हात तापणाऱ्या नांदुऱ्याला का असेना! शाळा सुटल्या की ट्रंक घेऊन निघायचे, पोचल्यावर ओसरीवर पाय पसरून बसायचे आणि आईने "तू राहू दे गं" म्हणायचे. हवा तीच, पण पालट खरा. आता आई-वडील मागे पडतात, भावाच्या दोन खोल्यांत त्याचाच संसार मावत नाही, आणि महिन्याच्या माहेरपणाची सहल होऊन बसते, तीही सासरच्या चौदा माणसांबरोबर!

आमच्या घरी गेल्या मे महिन्यात हा प्रश्न उभा राहिला तो थोरल्या जाऊबाईंमुळे. मी त्यांना वहिनीच म्हणते. हिवाळ्यात त्यांची पोटाची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी बजावले होते, "विश्रांती, आणि शक्य असेल तर हवापालट." या दोन शब्दांपैकी पहिला घराने ऐकलाच नाही आणि दुसरा ऐकायला चार महिने लावले. अखेर सहल ठरली. आम्ही, थोरले दीर-वहिनी, ह्यांचे बँकेतले मित्र सहकुटुंब, आणि आमच्या कॉलेजातले भूगोलाचे सर व त्यांच्या सौभाग्यवती. सरांच्या मामांचे बुलढाण्याला रिकामे घर होते, मागे मोठे परसू असलेले.

बुलढाणा? असे वाचक विचारतील. जिल्ह्याचे ठाणे, कचेऱ्यांचे गाव, तिथे कसली सहल? पण वऱ्हाडातल्या माणसाला विचारा. अजिंठ्याच्या डोंगररांगेत सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर हे गाव बसले आहे. आमचे खामगाव तीनशेच्या आसपास. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती आले, आणि पुढे जिल्ह्याचे ठाणे झाले ते कापसाच्या पेठेत नव्हे, तर या डोंगरावर. भिल्लांचे ठाणे म्हणून 'भिलठाणा', त्याचे बुलढाणा झाले असे म्हणतात. रेल्वे अजूनही वर चढलेली नाही. मलकापूरला उतरून मोटारीने घाट चढावा लागतो. त्यामुळेच असेल, पण गावाला अजून गावाची हवा आहे. मे महिन्यात खालच्या मुलखाच्या मानाने पारा तीन-चार अंश खाली. हे तीन-चार अंश थट्टेवारी नेऊ नका. रात्री अंगावर पातळ चादर घ्यावी लागली तेव्हा माझी धाकटी आनंदाने किंचाळली.

तर बेताची बैठक भरली. ह्यांचे म्हणणे, हॉटेलाचा खर्च कशाला? मामांच्या घरी स्वयंपाकघर आहे, भांडी आहेत. "आणि वहिनींच्या हातची भाजी डोंगरावर आणखी चवदार लागेल!" दीर कौतुकाने हसले. वहिनीही हसल्या, नव्हे, त्या मनातल्या मनात डाळ-तांदूळ मोजूही लागल्या होत्या. मी म्हटले, "अहो, डॉक्टरांनी हवापालट कुणाला सांगितलाय? भाजीला?"

बँकवाले मित्र समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, तुमचं खरं आहे. पण पुरुषांना चौदा माणसांचा स्वयंपाक कुठे येतो?"

उत्तर माझ्याकडून नाही, कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या सासूबाईंकडून आले. सासूबाई सहसा मुलांच्या बाजूच्या. पण त्या दिवशी मान वर न करता म्हणाल्या, "काऊन रे बापा, मारुतीच्या भंडाऱ्याला दोनशे माणसांचे रोडगे कोन भाजते? तुमीच न?"

बैठक गप्प झाली. आमच्याकडचे रोडगे ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगते: जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेचे, एकात एक पदर घालून केलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, आणि वर तूप, वरण नि वांग्याची झणझणीत भाजी. शेतात म्हणा, देवळापुढे म्हणा, हा स्वयंपाक वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या पुरुष करीत आले आहेत. उघड्यावर, चार लोकांसमोर असला की तो पुरुषार्थ. चार भिंतींच्या आत गेला की बायकी. ही सीमारेषा कुणी आखली कोण जाणे! पण सासूबाईंच्या एका वाक्याने ती पुसली गेली एवढे खरे. दोन्ही रात्रींचा स्वयंपाक पुरुषांनी करायचा असे ठरले.

शुक्रवारी पहाटे निघालो. खामगावाहून बोथ्याच्या घाटाने बुलढाणा 50 किलोमीटरच्या आसपास, आणि वाट जाते ज्ञानगंगा अभयारण्यातून. 205 चौरस किलोमीटरचे हे रान 1997 साली अभयारण्य झाले. अस्वले आणि बिबटे हे इथले कुळकर्णी-देशपांडे. मे महिन्यात साग उघडाबोडका झालेला, पण मधूनच एखादा बहावा सोन्याच्या झुंबरासारखा पेटलेला. सरांनी मुलांना इथल्या प्रसिद्ध पाहुण्याची हकीकत सांगितली. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या अभयारण्यातला एक तरुण वाघ, गळ्यात रेडिओचा पट्टा बांधलेला, 2019 च्या जूनमध्ये चालत सुटला. महाराष्ट्र आणि तेलंगण तुडवीत, शेते, रस्ते, नाले ओलांडीत, सुमारे 1,300 किलोमीटर चालून डिसेंबरात तो या ज्ञानगंगेत येऊन राहिला. इथे वाघीण नव्हती. त्याला सोबत म्हणून एखादी आणून सोडावी का, याचाही सरकारदरबारी खल झाला म्हणे. वहिनी मागच्या बाकावरून म्हणाल्या, "म्हणजे तो हवापालटाला आला, आणि त्याचं घर मांडायला हिनं यावं!" गाडीत हशा पिकला. मी मात्र चमकून त्यांच्याकडे पाहिले. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या तोंडून थट्टा ऐकली ती तेव्हा पहिल्यांदा.

पहिल्या संध्याकाळी परसात गोवऱ्या रचल्या. (रानात नव्हे, हे मुद्दाम सांगते. उन्हाळ्यात वनखाते जाळरेषा काढून वणव्याची धास्ती घेऊन बसलेले असते, आणि सहलीवाल्यांची एक चूल शेकडो एकर रान खाऊ शकते.) रोडग्यांपैकी निम्मे बाहेरून कोळसा नि आतून कच्चे निघाले, वरणात मीठ दोघांनी टाकले. तरी सगळ्यांनी पोटभर खाल्ले. पण मला आठवते ते वेगळेच. वहिनींना बसवेना. परसात भांडे वाजले की त्या उठत. "तिखट कुठे ठेवलंय ते त्यांना सापडणार नाही," म्हणून उठल्या, "पाणी उकळलं असेल," म्हणून उठल्या. सासूबाईंनी शेवटी त्यांचा पदर धरून ठेवला. तीस वर्षांची सवय आहे. ती डोंगर चढल्याने उतरत नाही. रात्री कितीतरी वेळ त्या जाग्याच होत्या. मी विचारले तर म्हणाल्या, "उद्याचं काही भिजत घालायचं राहिलं, असं वाटतंय गं."

खरकटी भांडी मात्र सकाळपर्यंत जशीच्या तशी. रोडगे भाजण्यात पुरुषार्थ आहे, पण परात घासण्यात तो अजून कुणाला सापडलेला दिसत नाही. त्यावर दुसरी बैठक भरली, जरा गरम झाली, आणि भांडी चारही मुलांकडे गेली. मुलगे आणि मुली दोन्हींकडे, याची नोंद व्हावी.

शनिवारी सकाळी येळगावचे धरण पाहिले. पैनगंगा इथून जवळच, बुलढाणा तालुक्यातच, उगम पावते. संध्याकाळी मलकापूरच्या वाटेवरचा राजूर घाट. घाटमाथ्यावर वारा असा की पदर आवरेना. सरांमधला शिक्षक जागा झाला. म्हणाले, हा डोंगर म्हणजे पाण्याची वाटणी करणारा पंच आहे. उत्तरेच्या उतारावर पडलेला थेंब नळगंगेतून, ज्ञानगंगेतून पूर्णेला मिळतो. पूर्णा चांगदेवापाशी तापीला. आणि तापी सुरतेजवळ पश्चिम समुद्राला. दक्षिणेला पडलेला थेंब पैनगंगेतून वर्धेला, तिथून प्राणहितेला, गोदावरीला, आणि थेट बंगालच्या उपसागराला. दोन थेंबांत हातभर अंतर, आणि शेवट दोन समुद्रांत.

मुले "बापरे!" म्हणाली. वहिनी कठड्याशी उभ्या होत्या. त्यांचे माहेर जळगाव-जामोदचे, समोरच्या मैदानापलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. आई-वडील दोघेही गेले; घर विकले गेले. मे महिन्याच्या धुरकट हवेत सातपुड्याची रेघसुद्धा दिसत नव्हती, पण त्या तिकडेच पाहत होत्या. हळूच म्हणाल्या, "एका घरच्या दोन मुली दोन टोकांना दिल्यासारख्या." थोडे थांबून पुढे म्हणाल्या, "त्या निदान पाऊस होऊन परत तरी येतात."

दीर जवळच उभे होते. ते काही बोलले नाहीत. खांद्यावरची शाल काढून त्यांनी वहिनींच्या हातात दिली. अशा गोष्टी करण्याची त्यांना सवय नाही, त्यामुळे शाल जवळजवळ दरीतच गेली होती!

त्या रात्रीचे रोडगे बरे जमले. जेवणानंतर गाणी झाली. आमच्याच जिल्ह्यातल्या मेहकरला वकिली करता करता कविता लिहिणाऱ्या ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' कुणीतरी काढली, जी. एन. जोशींनी ती 1930 च्या दशकात तबकडीवर गायली आणि घरोघरी पोचवली. सासूबाईंना ती सगळी पाठ होती, हे आम्हांला त्या रात्री कळले. गाणे संपले तेव्हा वहिनी तिथेच चटईवर झोपल्या होत्या. भांडी वाजत होती, मुले भांडत होती, एक पातेले पायरीवरून गडगडत खाली गेले. त्या उठल्या नाहीत. सकाळी साडेआठला जाग्या झाल्या आणि घाबऱ्याघुबऱ्या म्हणाल्या, "अगंबाई, चहा?" ह्यांनी कप पुढे केला. साखर जास्त होती.

पुढच्या मे महिन्यात चिखलदऱ्याला जायचे घाटते आहे. सामानाची यादी या वेळी पुरुषमंडळींनी केली; ह्यांच्या टेबलावर होती, मी वाचली. मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पाचे रान लागूनच असल्यामुळे गोवऱ्या खोडल्या आहेत, त्याजागी गॅसची शेगडी आणि पिठल्याचे बेसन. 'भांडी घासणे' यापुढे चारही मुलांची नावे, पाळीपाळीने. आणि अगदी तळाशी वहिनींच्या बारीक अक्षरात एक ओळ: 'माझी उशी मी आणीन.'