नळाचे फासे आणि संगणकाचे दान

#धागा

१/ संगणकाशी बॅकगॅमन खेळून शिकणाऱ्याच्या तोंडी एक तक्रार हमखास येते : यंत्र फाशांत लबाडी करते. नागपुरात जरीपटक्यात मोबाइलवर पट मांडणारा नवशिका असो वा लंडनचा, तक्रार तीच. ती हसण्यावारी नेऊ नये. जशीच्या तशी मानूही नये.

२/ फाशांवरचा संशय आपल्याकडे पुरातन आहे. शकुनी सर्वांना ठाऊक. विदर्भाला मात्र नलोपाख्यान अधिक जवळचे. दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या. महाभारतातील या कथेत कली नळाच्या देहात शिरतो, द्वापर फाशांत, आणि नळ पुष्कराशी खेळताना राज्य गमावतो. तेथे फासे खरोखरच खोटे होते.

३/ कथेचे मर्म पुढे आहे. विदर्भाकडे रथ धावत असता अयोध्येचा राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने-फळे केवळ पाहून संख्या सांगतो. सारथी बाहुक, म्हणजेच नळ, थांबून मोजणी करतो; संख्या जुळते. ऋतुपर्ण त्याला 'अक्षहृदय' ही फाशांची विद्या देतो आणि ती प्राप्त होताच कली नळाचा देह सोडतो.

४/ बॅकगॅमनचे अक्षहृदय म्हणजे ३६ दानांचा हिशेब. प्रतिस्पर्ध्याच्या सोंगटीपासून सहा घरांवर आपली एकटी सोंगटी ठेवली, वाट मोकळी असली, तर ३६ पैकी १७ दानांनी ती मरते. एका घरावर ठेवली तर ११ दानांनी. नवशिका पहिली चूक करतो आणि सोंगटी मेली की दैवाला दोष देतो. नाचता येईना, अंगण वाकडे!

५/ निपुण खेळाडू आपली मांडणी अशी ठेवतो की बहुतेक दाने त्याला उपयोगी पडावीत. म्हणून तो नशीबवान 'दिसतो'. यंत्राच्या 'लबाडी'चे उगमस्थान बहुधा हेच.

६/ यंत्रालाही नशीब लागते, हे इतिहासात नोंदलेले आहे. जुलै १९७९ मध्ये मोंटे कार्लो येथे हान्स बर्लिनर यांच्या 'बीकेजी ९.८' या प्रोग्रॅमने विश्वविजेता लुइजी व्हिला याला ७-१ असे हरवले. नंतर डाव तपासून बर्लिनर यांनीच कबूल केले की व्हिलाच्या चाली अधिक अचूक होत्या. फासे यंत्राला अनुकूल पडले. जिंकूनही स्वतःचे दान तपासणारा असा प्रामाणिकपणा दुर्मीळच.

७/ १९९२ च्या सुमारास आयबीएममधील जेराल्ड टेसॉरो यांचा 'टीडी-गॅमन' आला. तो स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला. २-१, ४-१, ५-१ या आरंभीच्या दानांवर एक सोंगटी धोक्यात पुढे टाकण्याची रूढी होती. यंत्राने मागच्या दोन सोंगट्या फोडणे पसंत केले. पुढे मातब्बर खेळाडूंनीही ती चाल स्वीकारली. गुरूंचे गृहीतक शिष्याने असे तपासून बदलले.

८/ तरीही संशय घेण्याचा अधिकार शिकणाऱ्याचाच. 'ग्नू बॅकगॅमन' हा मुक्त प्रोग्रॅम त्यावर सरळ उत्तर देतो : खरे फासे स्वतः टाका आणि पडलेले दान हाताने भरा. ज्या ॲपमध्ये फाशांची तपासणी शक्यच नाही, त्याने विश्वास मागू नये.

९/ मात्र फासे स्वच्छ ठरल्यावरही जो दैवालाच बोल लावतो, तो काहीच शिकत नाही. चाल चांगली असूनही डाव हरता येतो, वाईट असूनही जिंकता येतो. हे वेगळे करून दाखवणारा शिक्षक म्हणून यंत्राचे मोल आहे. शेती, व्यापार, परीक्षा, सर्वत्र हा विवेक लागतो.

१०/ नळाने अक्षहृदय मिळवल्यावर पुष्कराला पुन्हा द्यूताचे आव्हान दिले आणि राज्य परत जिंकले. खेळ तोच होता. या वेळी नळाला फासे कळत होते. संगणकापुढे बसणाऱ्यानेही आधी मोजावे, मग रुसावे.