वऱ्हाडच्या उन्हात अरबस्तानचे फूल

रोपवाटिकेत ऑर्किड, अँथुरियम पाहून मन भुलते. पण ही दमट सावलीतली झाडे. अकोला-अमरावतीचा मे महिना त्यांना सोसत नाही. आम्ही सांगू, अ‍ॅडेनियम घ्या. अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातले हे झाड फुगलेल्या खोडात पाणी साठवते. मातीत निम्मी जाड रेती मिसळा, कुंडी उन्हात ठेवा आणि माती सुकल्यावरच पाणी घाला. वुजूचे पाणीही चालते, मात्र ते खारपाणपट्ट्यातल्या बोअरचे नसावे. कुंडीत पांढरा थर धरतो. धरलाच, तर पावसाच्या पहिल्या एक-दोन सरींत कुंडी भिजू द्या, क्षार धुऊन जातात. पुढे झड लागली की आडोशाला घ्या, नाहीतर मूळ सडते. हिवाळ्यात पाने गळाली म्हणून झाड फेकू नका. चीक विषारी असतो. लहान मुले आणि दारची बकरी, दोघांच्याही तोंडापासून कुंडी लांब हवी.