वाऱ्याक शीव नसता!

सिंधुदुर्गातल्या बंधू-भगिनींनो,

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्याला वाऱ्याचं वेळापत्रक शिकवावं लागत नाही. पहाटेचा मतलय जमिनीवरून दर्यात जातो आणि दुपारी खारा वारा उलट गावात शिरतो. शाळेच्या भूगोलातही हे दोन्ही वारे आहेत. सरकारी कारभारात मात्र हवा राज्याच्या हद्दीशी येऊन थांबते. पत्रादेवीच्या नाक्यावर डंपर थांबतो, धूळ थांबत नाही. ती पावतीही फाडत नाही.

नकाशा उघडून बघा. तेरेखोल नदी ही आपली आणि गोव्याची सीमा, पण तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडे असूनही गोव्याचा. त्याच्या शेजारी आपली रेडी. तिथे लोहखनिजाच्या खाणी आहेत आणि ते जहाजात चढवणारं बंदर आहे. दुपारी वायव्येचा वारा सुटला की रेडीची लाल धूळ पेडण्याकडे जाणार. दोडामार्गाच्या पलीकडे डिचोली-सत्तरीचा खाणपट्टा आहे. वारा फिरला की तिकडची धूळ आपल्याकडे येणार. कोणाची धूळ कोणाच्या छातीत बसते, हे भांडून कधीच ठरणार नाही. मोजून ठरेल.

कोणी म्हणेल, आमच्याकडे दर्या आहे, माड आहेत, आमची हवा शुद्धच! असेलही. पण ती शुद्ध आहे हे ठरवलं कोणी? २०१९ साली केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात देशातली सुमारे १३० शहरं घेतली गेली, महाराष्ट्रातली १९. शेजारचं कोल्हापूर आहे, सांगली आहे, सिंधुदुर्गातलं एकही गाव नाही. यादीत यायची मुख्य अट अशी, की सलग पाच वर्षांच्या नोंदी मानकाच्या वर असाव्यात. म्हणजे आधी नोंदी हव्यात. थर्मामीटर नसलेल्या घरात कोणालाच ताप येत नाही, तसला हा हिशेब!

मोजण्याचीही तऱ्हा बघा. राष्ट्रीय मोजणीची जुनी पद्धत आठवड्यातून दोन दिवसांची, वर्षाला १०४ नोंदी. आपल्याकडे वारा दिवसातून दोनदा तोंड फिरवतो. चोवीस तासांची सरासरी काढली, की खाऱ्या वाऱ्याचं पाप आणि मतलयाचं पुण्य एका टोपलीत जातं. इथे तासातासाची नोंद हवी.

ही धूळ नुसती पडवीवर बसत नाही. 'पीएम २.५' म्हणतात तो कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढा. तो फुप्फुसातून थेट रक्तात उतरू शकतो. दम्याबरोबर हृदयविकार आणि पक्षाघातही त्याच वाटेने येतात. आपल्या देशाची वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ असावी असं सांगितलं. आजार बळावला की आपला माणूस सीमा ओलांडून गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात जातो. पेशंट सीमा ओलांडतो, धूळ सीमा ओलांडते. मग आकड्यांनाच परवाना का लागतो?

दोन सरकारांना एकत्र बसता येत नाही, असं कोणी सांगू नये. तिळारीच्या पाण्यासाठी महाराष्ट्र आणि गोवा १९९० साली करार करून बसले. सुमारे तीन चतुर्थांश वाटा गोव्याचा, उरलेला आपला, असं मोजून ठरलं. म्हादईच्या पाण्यासाठी तर कर्नाटकासह तिन्ही राज्यं लवादापुढे उभी राहिली आणि २०१८ मध्ये निवाडा झाला. पाणी शिवेपलीकडे गेलं की आपण कोर्टात जातो. हवा आली-गेली, तर कोणी विचारतही नाही!

कायदाही आहे. हवा प्रदूषणाचा कायदा १६ मे १९८१ रोजी लागू झाला, आपला जिल्हा जन्मला त्याच्या पंधरा दिवस आधी, १ मे रोजी. दोघे एकाच महिन्याचे. राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांमध्ये समन्वय ठेवणं आणि त्यांचे वाद सोडवणं हे केंद्रीय मंडळाचं काम म्हणून या कायद्याच्या कलम १६ मध्ये लिहिलेलं आहे. दिल्लीचा श्वास कोंडला तेव्हा दिल्लीसह आजूबाजूच्या चार राज्यांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र आयोगाचा कायदाही झाला. आपण श्वास कोंडण्याची वाट बघायची का?

जगाने हे केव्हाच ओळखलं. ब्रिटन-जर्मनीच्या धुराड्यांतला गंधक स्कँडिनेव्हियाच्या तळ्यांत आम्लपाऊस होऊन पडत होता. तेव्हा १९७९ साली जिनिव्हात करार झाला. देशोदेशी एकाच पद्धतीने मोजणी सुरू झाली आणि कोणाचा गंधक कोणाकडे जातो ते कागदावर आलं. दक्षिण आशियाने १९९८ मध्ये मालेमध्ये तसाच जाहीरनामा केला, त्यात भारतही आहे. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानकडून समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबईतल्या गाड्या पांढऱ्या केल्या, हे आठवतं ना? धुळीने दर्या ओलांडला. तिला तेरेखोलची नदी ती काय?

बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपलं अंगणही बघू. चिरेखाणी, खडीचे क्रशर, कासार्ड्याकडची सिलिका वाळू, महामार्गाची धूळ, किनाऱ्यावर जाळली जाणारी फाटकी नायलॉनची जाळी, हे सगळं आपलंच. मोजणीचं यंत्र लागलं की तेही दिसेल. दिसू दे!

शिवेवरच्या राखणदाराला आपण नारळ देतो. पण हे गाऱ्हाणं देवापुढे नाही, दोन सरकारांपुढे आहे:

१. रेडी-तेरेखोल, बांदा-पत्रादेवी आणि दोडामार्ग-डिचोली इथे सीमेच्या दोन्ही बाजूंना हवा मोजणारी जोडकेंद्रं हवीत. यंत्र सारखं, पद्धत सारखी, नोंद तासाची. तुलनेसाठी एक केंद्र मालवणच्या किनाऱ्यावर.

२. आकडे मराठीत आणि कोंकणीत, ग्रामपंचायतीत, एसटी स्टँडवर आणि जेटीवर रोज लागावेत.

३. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि ओरोस-बांबोळीची इस्पितळं इथल्या श्वासाच्या व हृदयाच्या पेशंटांची संख्या, नावं न देता, तालुकावार दर आठवड्याला या आकड्यांशेजारी छापावी.

४. तिळारीच्या धर्तीवर दोन्ही राज्यांची कायम समिती असावी. मर्यादा ओलांडली तर कोणती खाण, कोणती वाहतूक, किती तास बंद, हे आधीच लिहून ठेवावं.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा:

"............ ग्रामपंचायतीची ही ग्रामसभा ठरवते की, आमच्या गावच्या हवेची तासागणिक मोजणी व्हावी, सीमेपलीकडच्या गावाशी तिची तुलना व्हावी आणि दोन्ही आकडे आम्हाला एकाच फलकावर दिसावेत. ठरावाची प्रत जिल्हाधिकारी, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि शेजारच्या गोव्यातील पंचायतीला पाठवावी."

शेवटची प्रत विसरू नका. पेडण्यातल्या, डिचोलीतल्या माणसाची छाती आपल्यासारखीच आहे.

वाचून झालं की हे पत्रक शेजाऱ्याला द्या. जाळू मात्र नका, त्याचाही धूर होतो.

— किनाऱ्यावरचे काही नागरिक