गोबरगॅसचं उजेडात पेट्रोल? मेसेजमागे आहे सिरियमची गोष्ट

परवा डेअरीवर दूध घालायला गेलो तर शेजारच्या वस्तीवरच्या एकाने मोबाईल पुढे केला. "भाऊ, लाईटच्या उजेडात गोबरगॅसचं पेट्रोल होतंय म्हणे. तुम्ही बातम्या लिहिता, खरं का?"

मेसेज फुगवलेला आहे, पण अगदीच हवेतला नाही.

गोबरगॅसमध्ये मुख्य असतो तो मिथेन. तो जाळायला सोपा, पण त्यापासून दुसरा पदार्थ करायचा तर फार अवघड, मोठ्या कारखान्यात प्रचंड उष्णता द्यावी लागते. 2018 साली चीनच्या शांघायटेक विद्यापीठात चिवेई झुओ यांच्या गटाने हेच काम साध्या तापमानाला, निळ्या एलईडीच्या उजेडात करून दाखवलं. 'सायन्स' या नियतकालिकात ते छापून आलं. वापरलं काय, तर सिरियम धातूचं स्वस्त मीठ आणि थोडं अल्कोहोल. मात्र गॅस शुद्ध होता, दाबाखाली भरलेला होता आणि हाती आलं ते पेट्रोल नव्हे, नायट्रोजन जोडलेलं एक रसायन.

यात सिरियमचं काम विहिरीवरच्या मोटेसारखं. मोट रिकामी खाली जाते, भरून वर येते, ओतते, परत खाली. मोट तीच, पाणी नवं. तसं सिरियम उजेड खातं, शेजारच्या क्लोरीनकडून एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं, तो सुटा क्लोरीन मिथेनचा हायड्रोजन तोडतो आणि पुढे सिरियम इलेक्ट्रॉन देऊन परत होतं तसं होतं. एरवी उजेडावर चालणाऱ्या अशा कामाला इरिडियम, रुथेनियम लागतात. ते दुर्मिळ आणि भयंकर महाग. सिरियमचं नाव 'दुर्मिळ मृदा' धातूंत असलं तरी जमिनीत ते साधारण तांब्याइतकं आहे. सिगारेट लायटरच्या ठिणगीच्या खड्यात तेच असतं.

हायड्रोजन नेमकं कोण तोडतं, यावर मात्र वाद झाला. शांघायवाल्यांचं म्हणणं होतं की अल्कोहोलपासून तयार झालेला तुकडा तोडतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एरिक शेल्टर यांचा गट सिरियमवर बरीच वर्षं काम करतोय. त्यांनी 2021 मध्ये त्याच 'सायन्स'मध्ये दाखवलं की खरा कामकरी क्लोरीन आहे, अल्कोहोल त्याला सोबत करतं. आपल्याकडे एखाद्या औषधाचा प्लॉट एका शेतात चांगला दिसला की लगेच बोर्ड लागतो. तिकडे तीन वर्षांनी दुसऱ्याने तपासून चूक काढली, ती छापूनही आली. मला तर हीच बातमी मोठी वाटते.

आता आपला संबंध. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपल्याकडे इलेक्ट्रिक गाड्या बनवणारे लोहचुंबकासाठी अडचणीत आले. त्या सातांत सिरियम नाही, कारण सिरियमची टंचाईच नाही, उलट ते पडून राहतं. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाईट आहे. त्यातल्या दुर्मिळ धातूंत जवळजवळ निम्मं सिरियम आणि चुंबकाला लागणारं निओडिमियम साधारण सहावा हिस्सा. म्हणजे निओडिमियमसाठी वाळू धुतली की सिरियमचा ढीग लागणारच.

ऊसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. साखरेसाठी ऊस गाळला तरी मळी निघतेच. इथेनॉल आलं तेव्हा मळीला खरा भाव आला आणि कारखान्याचं गणित बदललं. सिरियमला उजेडाच्या रसायनात गिऱ्हाईक मिळालं तर चुंबकाच्या धातूचा खर्चही थोडा त्याच्यावर निघेल. आपल्याकडे हे काम अणुऊर्जा विभागाच्या आयआरईएल कंपनीकडे आहे, कारण मोनाझाईटमध्ये थोरियम असतं.

पण हे सगळं अजून काचेच्या बाटलीत आहे. मिथेनला जोडायचं नायट्रोजनचं रसायन सिरियमपेक्षा महाग पडतं, आणि गोबरगॅसमध्ये मिथेनबरोबर कार्बन डायऑक्साईड आणि सडक्या अंड्याच्या वासाचा गॅसही येतो, तो आधी वेगळा करावा लागेल. तेव्हा 'उजेडावर चालणारं यंत्र, बुकिंग सुरू' असं कोणी गावात सांगत आलं तर पैसे देऊ नका. डेअरीवरच्या भावालाही मी तेच सांगितलं. तो म्हणाला, "मग चहाच करू गॅसवर," आणि कॅन घेऊन गेला.